वास सांग, सविते

रोज सकाळी टाकीच्या मागच्या नळाखाली बारकूबाय प्लास्टिकचा मग धरायची. त्यात चार बोटं काळं पाणी आलं की तो मग माझ्या नाकाखाली आणायची आणि म्हणायची, "हं. वास सांग."

गणिताच्या बाईंनी फळ्यापाशी उभं केल्यासारखं मला वाटायचं. माझी शाळा सातवीतच सुटली, पण शाळेतली भीती काही सुटली नाही. कुणी काही विचारलं की आधी वाटतं, चुकणार. मग वाटतं, हाकलणार.

"ओल्या मातीसारखा," मी भीतभीत म्हणायची.

"आन?"

"आणि... थोडा डांबरासारखा."

"बरा हाय मंग," असं म्हणून ती मगातलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायची आणि चहाला लागायची. तिला उत्तर माहीत आहे आणि ती माझी परीक्षा घेते आहे, असंच मी कितीतरी महिने धरून चालले होते.

अंबरनाथ सोडून बदलापूरकडे येताना रस्ता जिथं खाली उतरतो, तिथं आमचा प्रकल्प आहे. शहरातला ओला कचरा गाड्यांतून येतो. आम्ही सहा बायका पट्ट्यावर उभ्या राहून त्यातलं प्लास्टिक, काचा, हाडं, नारळाच्या करवंट्या बाजूला काढतो. उरलेलं क्रशरमधून बारीक होऊन बंद टाकीत जातं. तिथं ते कुजतं, गॅस होतो, तो वरच्या रबरी फुग्यात साठतो. त्यावर इंजिन चालतं आणि समोरच्या रस्त्याचे दिवे लागतात. एक बारकी नळी आमच्या शेडमधल्या शेगडीला दिली आहे. एवढंच. पण हे एवढं नीट चालायला टाकीला रोज काय, किती आणि केव्हा घालायचं हे कळावं लागतं, आणि ते बारकूबायला कळायचं.

नावानं बारकू, पण बाई चांगली थोराड. साठीच्या पुढची. जांभूळ गावची. काष्ट्याचं लुगडं, त्यावर पालिकेचं हिरवं जाकीट, पायात गमबूट. जाकिटाच्या खिशात तंबाखूची डबी आणि आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्यांची डबी, दोन्ही एकाच खिशात. पट्टी काढायला जायची नि तंबाखू हातात यायची. "जल्ला मेला," म्हणायची आणि तंबाखू तोंडात टाकून मग पट्टी शोधायची. पट्टीचा रंग बघायची, पण विश्वास ठेवायची नाही. "ही फकस्त जीभ दावते. पोट नाय दावत."

ती इथं कामाला कशी लागली ते ती स्वतः सांगायची नाही, सुनंदा सांगायची. सुनंदा उल्हासनगर कॅम्पातली, माझ्या बाजूला पट्ट्यावर उभी असते. तिच्या घरी सगळे शिकलेले, भाऊ बँकेत. आंबेडकर जयंतीला आम्हा सगळ्यांना घरी बोलावून पोटभर जेवू घालते. तर सुनंदा म्हणाली की टाकी नवी बांधली तेव्हा आतल्या जिवाणूंची सुरुवात करायला शेण लागणार होतं, चांगलं दहाबारा टेम्पो. दुधाला विरजण लागतं तसं. त्याच दिवसांत बारकूबायच्या मुलांनी गोठा बंद करायचं ठरवलं होतं. चाऱ्याची जमीन गेली होती, तिथं इमारती उठत होत्या. उल्हासनगरच्या हलवायांना जिनं वीस वर्षं दूध घातलं, तिच्या म्हशी एका आठवड्यात दावणीवरून गेल्या. शेवटचं शेण इथं आलं. त्या टेम्पोत मागं, शेणाच्या ढिगाशेजारी, ही बसून आली.

"टेम्पो रिकामा झाला तरी उतरेना," सुनंदा म्हणाली. "केतन साहेब म्हणाले, आजी, काय पाहिजे? तर म्हणते, सायब, हिला खायला कोन घालनार?"

केतन साहेब म्हणजे आमचे इंजिनीअर. वयानं तिशीच्या आतले, मन चांगलं, पण लॅपटॉपवर जास्त विश्वास. त्यांनी तिला ठेवून घेतली. टाकीला ती कधी टाकी म्हणाली नाही. "हिला", "तिला", "हिचं आज तोंड फिरलंय."

तिचा एक नेम होता. सकाळी टाकीच्या गॅसवर चहा झाल्याशिवाय टाकीला खाणं नाही. "आदी तिच्या हातचा चा आपन प्यायचा, मंग तिला घालायचं." आम्हाला वाटे, म्हातारीची श्रद्धा असेल. पण ती वाकून ज्योत बघत असायची. निळी, स्थिर असली की पातेलं ठेवायची. पिवळट किंवा फडफडणारी असली की त्या दिवशी चारऐवजी दोनच गाड्या. केतन साहेब म्हणत, "आजी, मीटर ठीक आहे." ती म्हणे, "मीटरला चा करता येतो का, सायब?"

माझा पहिला दिवस मी विसरू शकत नाही. नवऱ्याची अंबरनाथची कंपनी बंद पडली होती, हिंगोलीकडचं गाव दूर राहिलं होतं, आणि इथं ओळखीचं माणूस नाही. पट्ट्यावर दहा मिनिटं उभी राहिले आणि भिंतीशी जाऊन ओकले. वाटलं, गेलं काम. मागून कुणीतरी माझ्या हातात काहीतरी कोंबलं. लिंबाची साल होती, कचऱ्यातलीच, धुतलेली.

"नाकाशी धर," बारकूबाय म्हणाली. "पन टाकीत नको टाकू हां. तिला आंबट सोसत नाय."

मग माझ्याकडे नीट बघून, "घाबरतेस कशाला गो एवढी? कचरा हाय, वाघ नाय."

त्या दिवसापासून लिंबं, संत्री, मोसंबीच्या साली वेगळ्या काढायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी त्याच सालींनी आम्ही हात घासायचो. मी या बाईचे उपकार मोजायला गेले तर त्या सालीपासून सुरुवात करावी लागेल.

ती चिडायची ती एकाच गोष्टीवर. शिरगावात एक मोठा टॉवर आहे, तिथून येणाऱ्या ओल्या कचऱ्यात रोज लहान मुलांचे डायपर, बाटल्या, एकदा तर स्टीलचे चमचे निघाले. तिनं दोनदा ड्रायव्हरकडून निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी तिनं ते सगळं एका बादलीत भरलं, वर फडकं बांधलं आणि रिक्षा करून निघाली. मला म्हणाली, "चल. तुला वाचता येतं, पाट्या वाच." मी नको नको म्हणत गेले.

रविवार होता, खाली सोसायटीची मीटिंग चालली होती. वॉचमन हिंदीत म्हणाला, "माताजी, डिलिव्हरी पीछे से."

"डिलेवरीच हाय," ती म्हणाली आणि सरळ खुर्च्यांच्या मधोमध जाऊन बादली ठेवली. फडकं सोडलं. "तुमचं इसरलं होतं. परत द्यायला आलो."

सेक्रेटरी उभे राहिले. "अहो बाई, हा काय प्रकार आहे?"

"तेच मी इचारतंय. दादा, तुमच्या घरी पावन्याला जेवाय वाढता ना, तेव्हा ताटात चपला घालता का?"

कुणीतरी फिसकन हसलं. एका बाईनं लाजून आपला चमचा ओळखला. त्या टॉवरचा कचरा पुढे इतका स्वच्छ येऊ लागला की सुनंदा म्हणायची, यांच्याकडची भाजीची देठं घरी न्यावीत, पुन्हा भाजी होईल.

परतीच्या रिक्षात मी म्हणाले, "मावशी, त्यांनी तक्रार केली असती तर?"

"केली आस्ती तर केली आस्ती." मग म्हणाली, "भ्या मलाबी वाटतं गो. पन मी मोठ्यानं बोलते म्हंजे ते कुनाला आयकू येत नाय."

मी ते गमतीत घेतलं. तेव्हा कळायला हवं होतं.

आता मला माझ्या चुकीकडे यावंच लागेल. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे ती टाळून लिहिता येत नाही.

प्रकल्प एकेका वर्षाच्या मुदतीवर होता. वर्षभर गॅस नीट आला तर पुढे चालवायचा, नाहीतर गाड्या पुन्हा डंपिंगवर आणि आम्ही घरी. तपासणीला अधिकारी सोमवारी येणार होते. केतन साहेब आठवडाभर आधीपासून एकच सांगत होते, "फुगा टम्म दिसला पाहिजे." माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. मला रोज वाटायचं की हे काम गेलं की तिचीही शाळा सातवीतच सुटणार. असं काही नसतं हे कळायचं, पण वाटायचं.

बुधवारी बारकूबाय सरकारी दवाखान्यात गुडघे दाखवायला गेली होती. उल्हासनगरच्या एका लग्नाच्या हॉलची गाडी आली. हॉलवाले सिंधी सेठ स्वतः बरोबर होते. गाडीत नुसता भात, बुंदी, जिलब्या, दह्याची कढी. प्लास्टिकचा एक तुकडा नाही.

"साईं, एकदम क्लीन माल आहे," सेठ म्हणाले. "भाभी, घेऊन टाका ना. दोन दिवसांचं लग्न होतं, पडून वास मारेल."

मी विचार केला, गोड आहे, मऊ आहे, फुगा लवकर भरेल, साहेब खूश होतील. सुनंदा म्हणाली, "मावशीला विचारू का फोनवर?" मी म्हटलं, "कशाला त्रास तिला, तिथं नंबर लागला असेल." सगळी गाडी एकदम घातली.

गुरुवारी सकाळी फुगा असा टरारून आलेला की केतन साहेबांनी फोटो काढला. बारकूबायनं मग नळाखाली धरला आणि माझ्याकडे आणला.

"हं. वास सांग."

आंबट होता. साधा आंबट नाही, लहान मूल दूध ओकतं तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं इतका. आणि मला वाटलं, ही विचारते आहे म्हणजे हिला कळलं आहे, आता माझ्याच तोंडून काढून घेणार. मी म्हणाले,

"रोजच्यासारखाच."

तिनं माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. "आन डांबराचा?"

"तो पण आहे."

"बरा हाय मंग."

त्या दिवशी पट्ट्यांची डबी संपलेली होती आणि शेगडीची नळी दुरुस्तीला काढलेली होती. ज्योत बघायला मिळाली नाही. चहा बाहेरून आणला. तिनं नेहमीच्या चार गाड्या घालायला लावल्या. मी पट्ट्यावर उभी राहून साली वेचत होते आणि प्रत्येक टोपली आत जाताना वाटत होतं, आता सांगावं, आता सांगावं. नाही सांगितलं.

शुक्रवारी नळी जोडली. तिनं काडी ओढली. फुस्स झालं. दुसरी ओढली, तिसरी. फुगा वर डोंगराएवढा भरलेला आणि शेगडीवर ज्योत धरेना. पलीकडे इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

बारकूबाय तिथंच पाटावर बसली. मला वाटलं ती ओरडेल. ती हळूच म्हणाली, "माझी चिमनी अशीच गेली."

चिमणी तिची म्हैस. कुळगावातल्या एका मोठ्या घरच्या लग्नाचं उरलेलं त्यांनी मानानं हिच्या गोठ्यावर पाठवलं होतं, भात आणि बुंदी. नाही कसं म्हणायचं, म्हणून हिनं घमेलंभर घातलं. "पोट ह्ये एवढं फुगलं. लोक म्हनले, खाऊन सुस्त झाली. दोन दिवस उभी ती उभीच. पोट भरलेलं आन आत काय पचत नाय. म्हस उपाशीच मेली गो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय घातलंस?"

मी सगळं सांगितलं. गाडी, सेठ, जिलब्या. आणि वासाचंही सांगितलं. म्हणाले, "तुम्हाला तर आलाच होता वास. मग तुम्ही का नाही बोललात?"

ती बराच वेळ काडीपेटी उघडमीट करत राहिली.

"मला वास येत नाय, सविते. त्या साथीच्या तापात गेला तो आलाच नाय. दोन वर्सं झाली."

सुनंदा येऊन तिच्या पाटाशी बसली.

"सायबाला कळलं तर म्हनंल, म्हातारीला घरी बसवा. म्हनून रोज तुला इचारायची. तू बराबर सांगायचीस." हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तू काल एक दिस खोटं बोललीस. मी दोन वर्सं बोलतंय. आता दोघींनी मिळून हिला उटवायची."

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडायचं मंग. आदी चुना आन."

केतन साहेबांना तिनंच जाऊन सांगितलं, दोन्ही गोष्टी, जिलब्यांची आणि नाकाची. आम्ही बाहेर उभ्या होतो. आतून साहेबांचा आवाज आला, "आजी, सोमवारी कमिटी येते आहे! मी काय दाखवू?" आणि तिचा, "आजारी हाय म्हनून सांगा. खोटं सांगून काय व्हतं ते आताच बगितलं ना."

खाणं बंद केलं. चुन्याची निवळी मोजून मोजून घातली. शनिवारी ती टेम्पो घेऊन जांभूळला गेली आणि भावकीतल्या एकाच्या गोठ्यातून ताजं शेण घेऊन आली. पुन्हा टेम्पोत मागंच बसून. म्हशीचं रवंथ बंद पडलं तर दुसऱ्या धडधाकट म्हशीच्या तोंडातला चोथा काढून तिच्या तोंडात देतात, तसंच हे, असं तिनं साहेबांना समजावलं. साहेब म्हणाले, पुस्तकात पण हेच आहे. तिला फार बरं वाटलं. "बग," मला म्हणाली, "पुस्तकवाल्यान्ला पन म्हस ठावूक हाय."

सोमवारी अधिकारी आले. फुगा बघून आधी खूश झाले, मग इंजिन चालेना म्हटल्यावर कपाळाला आठ्या. एक म्हणाले, "मग हे एवढं भरलंय काय?"

"वारा," बारकूबाय म्हणाली. "अपचनाचा. पंधरा दिस द्या, सायब. आजारी गुराला कोन बाजारात उभं करतं का?"

मी मागं उभी होते, हात पदरात गुंडाळून. त्यांनी आपसात काहीतरी बोलून पंधरा दिवस दिले. मला वाटतं, ते तिच्या गमबुटांकडे बघून दिले.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी तो मग माझ्या नाकाशी. आता ती परीक्षा नव्हती, आणि म्हणून जास्त भीती वाटायची. "आंबट." दुसऱ्या दिवशी, "आंबट, पण कालच्यापेक्षा कमी... नाही, थांबा, मला नक्की नाही सांगता येत." "नक्की नाय तर नक्की नाय म्हन. त्येबी खरंच हाय." ती मगातलं पाणी हलवायची, बोटांत पाणी चोळून बुळबुळीत आहे का बघायची. नाक माझं, हात तिचे. घरी मी भाताचं झाकण काढतानाही हुंगायची, मुलगी म्हणायची, आई, काय करतेस?

अकराव्या दिवशी मगातून ओली माती आली. मी दोनदा हुंगलं, तिसऱ्यांदा हुंगलं, मग सुनंदाला हुंगायला लावलं. बारकूबायनं काडी ओढली. आधी पिवळी, मग कडेनं निळी, मग सगळी निळी. तिनं पातेलं ठेवलं. त्या चहात साखर घालायची राहिली हे आम्हाला कप संपल्यावर कळलं.

प्रकल्प चालू राहिला. तिचे गुडघे मात्र राहिले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात मुलगा न्यायला आला. केतन साहेबांनी नारळ, साडी दिली. ती नारळ हातात फिरवत म्हणाली, "करवंटी वेगळी काडा हां," आणि सगळे हसले.

मग मला घेऊन टाकीमागं गेली. शेवटचा मग भरला. मी सांगितलं, "माती. डांबर. आणि आज थोडा आंब्याच्या कोयींचा." ती डोळे मिटून ऐकत होती, कुणी गावाकडची खबर सांगावी तसं. मुलगा फाटकातून हाका मारत होता.

तिनं मग खाली ठेवला, पदराचं टोक माझ्यापुढे धरलं.

"एक सांग. खरं सांग. म्हशीचा वास येतो का गो अजून माझ्या अंगाला?"

मी पदर नाकाशी नेला. हो म्हणणं किती सोपं होतं. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण हिच्यासमोर वासाचं खोटं मी एकदा बोलले होते.

"नाही, मावशी," मी म्हणाले. "तंबाखूचा येतो. आणि टाकीचा."

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला, टाकीच्या अंगावर दोनदा थोपटलं, म्हशीच्या पाठीवर थोपटतात तसं, आणि फाटकाकडे वळली.

"टाकीचा ना?" जाता जाता म्हणाली. "मंग तोच तो."